सुट्टीत घरचं माणूस आजारी पडलं तर? पहिल्या तासाचं गणित

(या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ऐकता आला नसेल तर निवांत वाचा. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)



आज जरा कामाचं बोलूया. आपल्या बोईसर-पालघर पट्ट्यात सुट्टी लागली की दोन्ही बाजूंनी माणसं हलतात. मुंबई, ठाणे, नाशिकची मंडळी केळवे, चिंचणी, डहाणू, बोर्डीला येतात, पावसाळ्यात जव्हारकडे धबधबे बघायला जातात. आणि तारापूर एमआयडीसीत काम करणारी आपली माणसं बॅगा भरून गावाला निघतात. कुणी जळगावला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारला. म्हणजे सुट्टीत आपण एकतर पाहुणे असतो, नाहीतर आपल्या घरी पाहुणे असतात. आणि कधी ना कधी असा दिवस येतोच, की घरचं कुणीतरी आजारी पडतं आणि नेहमीचा डॉक्टर शंभर किलोमीटर लांब असतो.

अशा वेळी घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं. "चला, गाडी काढा, सरळ मुंबई गाठू." नाशिकचे असतील तर म्हणतात, "आपल्या डॉक्टरांकडेच नेऊ." वाक्य काळजीपोटीच आलेलं असतं. पण आजचा अख्खा एपिसोड या वाक्याला ब्रेक लावण्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच: आजार गंभीर वाटत असेल तर आधी जवळचं, मग मोठं. जवळच्या ठिकाणी माणूस स्थिर करायचा, आजार काय आहे ते कळून घ्यायचं, आणि मग कुठे न्यायचं ते ठरवायचं. यात मिनिटांचा हिशोब असतो, आणि तो हिशोब आधी माहीत असला तर घाबरलेल्या अवस्थेतही डोकं चालतं.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंतचे निर्णय तुमचे-माझे असतात. आणि घरात फोन हाताळणारा जो असतो, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच, त्याच्यावर ते येऊन पडतात.

आधी नकाशा डोक्यात घ्या

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुके. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, मधून रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद हायवे. बोईसर रेल्वेवर आहे, पण हायवे गाठायला चिल्हार फाट्यापर्यंत जावं लागतं. किनाऱ्यावर असाल तर त्याहून जास्त.

इथे सरकारी दवाखान्यांची उतरंड आहे, ती देशभर साधारण सारखीच असते, म्हणून लक्षात ठेवा. सगळ्यात खाली उपकेंद्र. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ज्याला आपण पीएचसी म्हणतो. सपाट भागात साधारण ३० हजार लोकांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. त्यावर उपजिल्हा रुग्णालय. डहाणू, कासा आणि जव्हारला अशी उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पालघर आणि मनोरला ग्रामीण रुग्णालय आहे.

फिरायला जाताना आपण हॉटेल बघतो, बीच बघतो, मासे कुठे चांगले मिळतात ते बघतो. त्यासोबत एकच गोष्ट आणखी करा. मॅपवर "ग्रामीण रुग्णालय" किंवा "उपजिल्हा रुग्णालय" टाका आणि जे येईल ते सेव्ह करून ठेवा. मग हॉटेलवाल्याला विचारा, "रात्री-अपरात्री इथे कुठला डॉक्टर असतो? ईसीजी कुठे निघतो?" ही माहिती मॅपवर नसते, पण घरगुती खानावळीच्या मावशींना आणि रिक्षावाल्या दादांना पक्की असते.

१०८ ला पत्ता कसा सांगायचा

महाराष्ट्रात १०८ ची अँब्युलन्स सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली. त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटरसारखी जास्त साधनं असलेल्या, बाकी साध्या. सेवा मोफत आहे आणि आपल्या राज्यात या गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टर असावा अशी रचना आहे. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२ पण आहे. आणि काहीच सुचलं नाही तर ११२.

पण एक लक्षात घ्या. १०८ चं कॉल सेंटर पुण्यात आहे. फोन उचलणाऱ्याला तुमची "ती पाण्याची टाकी" किंवा "ते मोठं रिसॉर्ट" माहीत असण्याचं कारण नाही. आणि आपल्याकडची नावं तर भलतीच फसवी.

"आम्ही तारापूरला आहोत" म्हणालात तर कुठे? तारापूर गाव चिंचणीजवळ, किनाऱ्यावर. तारापूर एमआयडीसी बोईसरला चिकटून. "केळवे रोडला आहोत" म्हणालात तर ते रेल्वे स्टेशन. बीच तिथून काही किलोमीटर लांब. डहाणू रोड स्टेशन वेगळं, डहाणू गाव वेगळं. गाडी चुकीच्या ठिकाणी गेली की गेलेली मिनिटं परत येत नाहीत.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. जिल्हा, तालुका, गाव, मग खूण. "पालघर जिल्हा, पालघर तालुका, केळवे गाव, समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, शीतलादेवी मंदिराजवळ." हायवेवर असाल तर रस्त्याच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कुठल्या बाजूला तोंड आहे ते, म्हणजे मुंबईकडे की गुजरातकडे. मग रुग्णाचं वय, काय होतंय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. एवढं बोलून झालं की एका माणसाला रस्त्यावर उभं करा, हातात टॉर्च देऊन. फोन चालू ठेवा, कारण ड्रायव्हर परत फोन करतो.

आणि गाडी यायला किती वेळ लागेल ते विचारा. उत्तर ४० मिनिटं आलं आणि दवाखाना १५ मिनिटांवर आहे, रुग्ण बसू शकतोय, तर रिक्षा किंवा हॉटेलवाल्याची गाडी घेऊन निघणं शहाणपणाचं असतं. फक्त १०८ ला तसं कळवा, म्हणजे ती गाडी दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

ट्रेनमध्ये असाल तर १३९. गाडीचा नंबर, डबा, सीट सांगा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर बोलावतात. सोबत टीसीला पण सांगा.

छातीत दुखतंय, आणि मामा म्हणतात ॲसिडिटी आहे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा मी आमच्या घरातल्या प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत मामा-मामी आणि मामेभाऊ नाशिकहून आमच्याकडे आले होते. भाऊबीजेला दुपारी सगळे चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. मामांना डायबेटिस. वाळूत थोडं चालले आणि मटकन खाली बसले. कपाळावर दरदरून घाम, डावा खांदा जड. मी विचारलं, "मामा, काय होतंय?" तर म्हणाले, "काही नाही रे, फराळ जास्त झाला. ॲसिडिटी आहे. सोडा आण."

मामेभाऊ म्हणाला, नाशिकला आपल्या डॉक्टरांना फोन लावतो आणि निघतोच. मामी मात्र म्हणाल्या, "मला यांच्या चेहऱ्याचा रंग बरा दिसत नाही." रिक्षावाले दादा थांबलेले होते. ते म्हणाले, "आधी बोईसरला पट्टी काढून घ्या, मग जा कुठे जायचं ते." पट्टी म्हणजे ईसीजी.

वीस-पंचवीस मिनिटांत बोईसरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये पोचलो. काउंटरवर आधी डिपॉझिट भरा म्हणाले. आमच्याकडे रोख तेवढी नव्हती, यूपीआय चालेना. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, मामांकडे बघितलं आणि म्हणाले, "फाईल नंतर करा, पेशंट आत घ्या." ईसीजी निघाला. हार्ट ॲटॅक. ॲस्पिरिन चघळायला दिली, बाकी औषधं सुरू केली.

मामेभावाचा धोशा चालूच: "आम्ही मुंबईला नेतो, अँजिओप्लास्टी करतो." डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आत्ता निघून, हायवेवरून, कॅथलॅबमध्ये टेबलावर घेईपर्यंत दोन तासांत होईल? भाऊबीजेच्या संध्याकाळी?" कुणीच बोललं नाही. ते म्हणाले, "मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देऊ. आपल्याला नस उघडायची आहे. पुढचं मोठ्या हॉस्पिटलात करू."

इंजेक्शन दिलं. दोन-तीन तास मॉनिटरवर ठेवलं. रात्री कार्डियाक अँब्युलन्सने मुंबईला हलवलं, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, स्टेंट पडला. मामा आज व्यवस्थित आहेत. फराळ कमी खातात, असं ते सांगतात. मामी वेगळं सांगतात.

डॉक्टरांनी विचारलेला तो दोन तासांचा प्रश्न हा जगभर पाळला जाणारा नियम आहे, हे मला नंतर कळलं. मोठ्या हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते. सगळ्यात चांगला उपाय अँजिओप्लास्टी. पण निदान झाल्यापासून १२० मिनिटांत ती होणार नसेल, तर आहे तिथे इंजेक्शनने गुठळी विरघळवायची, अर्थात रुग्णाला ते चालत असेल तर. आणि त्यानंतर साधारण ३ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी मोठ्या ठिकाणी न्यायचं. म्हणजे छोट्या ठिकाणचे उपचार हा वेळेचा अपव्यय नसतो. मोठ्या उपचाराचा पहिला अर्धा भागच तिथे होतो.

म्हणून छातीत दाब, घाम, जबडा-खांदा-हात दुखणं, धाप, यातलं काही असेल तर ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत निघेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा. डायबेटिसवाल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा, घाम असंही होतं. रुग्णाला चालवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट दोन प्रश्न विचारा: "हा गुठळीचा ॲटॅक आहे का? इंजेक्शन इथे देता येईल का, की दोन तासांत कॅथलॅब गाठता येईल?"

पॅरालिसिस, साप आणि जुलाब

पॅरालिसिसचा झटका, म्हणजे स्ट्रोक. इथे नियम थोडा बदलतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळीच्या स्ट्रोकवर इंजेक्शन द्यायची मुदत साधारण साडेचार तास. पण ते द्यायच्या आधी सीटी स्कॅन लागतोच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणून फोनवर विचारा, "सीटी स्कॅन चालू आहे का?" आणि जिथे चालू आहे तिथे जा. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, पाणी पाजू नका, कारण गिळता येत नसेल तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं.

साप. तंबूत राहायची फॅशन आलीये, जव्हार-विक्रमगडकडे आणि किनाऱ्यावर पण. मण्यार रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं. अशी लक्षणं दिसली तर "काहीतरी खाण्यात आलं असेल" म्हणून सोडू नका. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, विष चोखायचं नाही. हात-पाय लाकडी पट्टीने हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला धीर द्यायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. निघण्याआधी फोन करून लस आहे ना तेवढं विचारा.

आणि छोट्या दवाखान्याला कमी लेखणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोकणात विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं मरायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी विंचवाचं विष हृदयावर काय करतं ते टिपलं, आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे ब्लड प्रेशरचं औषध त्यावर वापरून दाखवलं. लॅन्सेटसारख्या जर्नलने ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशाचा हा उपचार महाडच्या एका पीएचसीतून बाहेर गेला, कुठल्या टोलेजंग हॉस्पिटलातून नाही.

जुलाब-उलट्या. सुट्टीत सगळ्यात जास्त होणारा प्रकार हाच. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, जास्त नाही कमी नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा. घोट-घोट पाजत राहायचं. लहान मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, डोळे खोल गेले, सुस्त पडलं, किंवा शौचातून रक्त आलं, तर घरगुती उपाय बंद आणि दवाखाना चालू.

आणि पावसाळी ट्रिपवरून घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना सांगा की कुठे गेलो होतो, कुठल्या पाण्यात उतरलो होतो. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू यांचा विचार त्यावरून होतो.

हलवायचं ठरलं तर कुठल्या दिशेला?

जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मोठ्या ठिकाणी न्या." आता मात्र मुंबई हे एकच उत्तर डोक्यात ठेवू नका.

२०२५ च्या जुलैअखेरीस आपल्याच भागातली एक घटना पेपरात आली होती. झाडाची फांदी अंगावर पडून जखमी झालेल्या पालघरच्या एका बाईंना मुंबईच्या हॉस्पिटलात नेत होते. हायवेवर घोडबंदरच्या आसपासच्या कोंडीत अँब्युलन्स तासन् तास अडकली. वाटेत तब्येत ढासळली, मीरा रोडच्या हॉस्पिटलकडे गाडी वळवावी लागली, पण त्या वाचल्या नाहीत. त्या सुट्टीवर नव्हत्या, इथल्याच होत्या. पण रस्ता तोच आहे. त्या रस्त्याचं दुखणं आपण रोज बघतो, मनोरपासून वसई खाडीच्या वर्सोवा पुलापर्यंत.

म्हणून हलवताना अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांमध्ये मोजा. डहाणू-बोर्डीला असाल तर वापी आणि वलसाड मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तलासरीकडून सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल जवळ, आणि ते सरकारी आहे. जव्हार-मोखाड्याहून नाशिक जवळ. पालघर-केळव्याहून विरार-वसई-मीरा रोड मुंबईच्या आधी येतात. राज्याची सीमा ओलांडायला आजारी माणसाला पासपोर्ट लागत नाही. इथल्या लोकांना हे माहीत आहे, ते वर्षानुवर्षं वापीला जातायत. बाहेरून आलेल्यांना मात्र मुंबईच दिसते.

निघण्याआधी समोरच्या हॉस्पिटलला फोन करून तीन गोष्टी विचारा. बेड आहे का? या आजाराचे डॉक्टर आत्ता हजर आहेत का? लागणारं मशीन चालू आहे का? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. शक्य असेल तर डॉक्टरांनाच डॉक्टरांशी बोलू द्या.

रेफर चिठ्ठी घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. त्यात चार गोष्टी हव्यात: काय निदान आहे, काय औषध दिलं, किती वाजता दिलं, आणि का पाठवतोय. ईसीजी, रिपोर्ट, सगळ्याचे फोटो काढून पुढच्या हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲपवर टाका. तुम्ही हायवेवर असाल तेवढ्या वेळात तिकडे तयारी होते. आणि अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन भरलेला आहे का, सोबत डॉक्टर किंवा नर्स आहे का, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा. विचारायला लाजू नका.

पैसे, कार्ड आणि हक्क

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश सांगतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही आपल्या राज्याची. ती साधारणपणे राज्यातल्या यादीवरच्या हॉस्पिटलांत चालते. आयुष्मान भारत केंद्राची, २०१८ मध्ये सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि तिचं कार्ड राज्याबाहेरही चालतं, यादीवरचं हॉस्पिटल असलं की. आता डहाणूच्या माणसाचा विचार करा. वापीला गेला तर फुले योजनेच्या भरवशावर बसून चालणार नाही, आयुष्मान कार्ड उपयोगी पडेल. म्हणून घरच्यांची आयुष्मान कार्डं आत्ताच काढून घ्या. ७० वर्षांवरच्या आजी-आजोबांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. हॉस्पिटल यादीवर आहे का हे आयुष्मानसाठी १४५५५ वर आणि फुले योजनेसाठी १५५३८८ वर विचारता येतं. हॉस्पिटलात पोचल्यावर "आरोग्यमित्र कुठे बसतात?" हा पहिला प्रश्न.

एमआयडीसीतल्या मित्रांनो, तुमच्या पगारातून ईएसआय कापला जातो ना? मग ई-पहचान कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. गावी गेल्यावर तिथल्या ईएसआय दवाखान्यात तुमचं आणि कुटुंबाचं काम होऊ शकतं.

प्रायव्हेट मेडिक्लेम असेल तर, जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेसची सोय सुरू केली आहे. इमर्जन्सीत भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. तुमच्या पॉलिसीत याहून कमी वेळ लिहिली असू शकते, म्हणून मी म्हणतो भरतीच्या दिवशीच कळवून टाका. घरातल्या एकाने रुग्णाकडे बघायचं, दुसऱ्याने फोन लावायचा.

आणि डिपॉझिटवरून अडवलं तर? १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी, आणि कागदपत्रांसाठी ते थांबवता येत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. भांडायला जाऊ नका, आवाज चढवू नका. शांतपणे म्हणा, "आधी इमर्जन्सी उपचार सुरू करा, पैशाची व्यवस्था आम्ही करतोय," आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना भेटा. बहुतेक वेळा डॉक्टर पेशंट आत घेतात, जसं आमच्याकडे झालं. मोठ्या ऑपरेशनचं, पुढच्या उपचारांचं बिल मात्र भरावंच लागतं, त्याबद्दल गैरसमज नको. केसपेपरची कॉपी हा तुमचा हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते.

निघण्याआधी मोबाईलमध्ये पाच गोष्टी

एक. आई-बाबांच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो, नाव आणि मिलिग्रॅम दिसतील असे. "ती लाल छोटी गोळी" यावरून कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक.

दोन. जुना ईसीजी आणि शेवटचे रिपोर्ट. नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता आला तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

तीन. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, आधी कुठलं ऑपरेशन झालंय, हे चार ओळींत.

चार. आधार, आयुष्मान, ईएसआय, मेडिक्लेमची कार्डं.

पाच. लॉक स्क्रीनवरची मेडिकल माहिती. प्रत्येक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी इन्फर्मेशनचा पर्याय असतो. फोन लॉक असला तरी अनोळखी माणसाला तुमच्या घरचा नंबर दिसतो.

हे सगळं फोनमध्ये डाऊनलोड करून ठेवा, नुसतं ड्राइव्हवर नको. जव्हार-मोखाड्याच्या घाटात रेंज जाते. आणि एक कागद आईच्या पर्समध्ये पण ठेवा, कारण फोन तुमच्या खिशात असतो आणि नेमके त्या वेळी तुम्ही पाण्यात असता. गोळ्यांचा साठा चार दिवस जास्तीचा न्या. सुट्टीत बीपीची गोळी संपली आणि "घरी गेल्यावर घेऊ" असं झालं, की अर्धे त्रास तिथूनच सुरू होतात.

जाता जाता

आपल्या आई-बाबांच्या पिढीला सुट्टीत कुणाला त्रास द्यायला आवडत नाही. "पोरांची ट्रिप खराब नको," म्हणून ते दुखणं अंगावर काढतात. त्यामुळे त्यांच्या "काही नाही"वर विसंबू नका. त्यांचा चेहरा बघा, घाम बघा, चाल बघा. ट्रिप पुढच्या वर्षी पण करता येते.

आणि आपण यजमान असू तेव्हा? आपल्या किनाऱ्यावर आलेला पाहुणा घाबरलेला दिसला, तर त्याला "मुंबईला न्या" एवढं सांगून मोकळे होऊ नका. जवळ ईसीजी कुठे निघतो, सापाची लस कुठे असते, या वेळेला हायवे मोकळा आहे की वापी बरं, हे आपल्याला माहीत असतं. ते त्याला सांगा. आमच्या मामांच्या वेळी ते एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं होतं.

तर आज रात्री जेवण झाल्यावर एकच काम करा. आई-बाबांचा औषधांचा डबा उघडा आणि पट्ट्यांचे फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हा एपिसोड तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये कुठेतरी बसेल.

तुमच्या भागात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे आम्हाला कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर काळजी घ्या, फिरत राहा. भेटूया!